चम्मकचा अनाम कोरणारा

घरच्या टेबलावरचे कटिंग मशीन आज ॲल्युमिनियमच्या पट्टीवर काही मिनिटांत नाव कोरून देते. ते पाहताना मला अचलपूरजवळच्या चम्मकचा, वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाचा पाचव्या शतकातील ताम्रपट आठवतो. लिपी पेटिकाशीर्षक ब्राह्मी. अक्षरागणिक माथ्यावर इवलीशी चौकट. तांब्यावर हे कोरायचे म्हणजे केवढी चिकाटी!

मजकूरही साधा नव्हे. १००० ब्राह्मणांना चर्मांक ग्राम दिले खरे. पण त्यांनी राजद्रोह केल्यास राजाने भूमी परत घेणे ही चोरी ठरणार नाही, अशी अटही तिथेच कोरली आहे. (दानपत्रात इतका सावधपणा विरळाच.) फ्लीटने १८८८ साली हा लेख संपादित केला. त्यात सेनापती चित्रवर्म्याचे नाव आहे. ही अट तांब्यात उतरवणाऱ्याचे मात्र नाही.