देस्नाकाठचे चेर्निहिव

उत्तर युक्रेनमधील चेर्निहिव देस्ना नदीच्या उंच उजव्या काठावर वसले आहे. जुन्या इतिवृत्तात ९०७ सालच्या नोंदीत त्याचे नाव येते. राजपुत्र म्स्तिस्लावने येथे मोठे कॅथीड्रल बांधायला घेतले. १०३६ मध्ये तो वारला, तेव्हा भिंती घोड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतक्याच वर आल्या होत्या. हे माप इतिवृत्तकाराचेच, आणि कोणत्याही आकड्यापेक्षा बोलके. १२३९ मध्ये मंगोलांनी शहर उद्ध्वस्त केले; कॅथीड्रल मात्र टिकले. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सांध्यावरचे प्यातनित्स्का चर्च दुसऱ्या महायुद्धात ढासळले. वास्तुविशारद प्योत्र बारानोव्स्की यांनी त्याला मूळ रूप परत दिले. ‘चोर्ना मोहिला’ या दफनटेकाडातील चांदीने मढवलेली रानबैलाची शिंगे मात्र मॉस्कोच्या संग्रहालयात गेली.