फॉकलंड युद्ध (१९८२) : युद्धसामग्रीची हानी

दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांच्या (अर्जेंटिनात प्रचलित नाव : माल्विनास) ताब्यासाठी ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यात २ एप्रिल ते १४ जून १९८२ या काळात झालेल्या युद्धात दोन्ही बाजूंनी गमावलेली जहाजे, विमाने, हेलिकॉप्टरे, वाहने व शस्त्रास्त्रे यांचा आढावा. या ७४ दिवसांत अर्जेंटिनाचे ६४९ व ब्रिटनचे २५५ सैनिक व कर्मचारी मृत्युमुखी पडले. तीन बेटवासी स्त्रियाही मारल्या गेल्या. ब्रिटनने चार युद्धनौका, एक रसदवाहू उतरण-जहाज, एक मालवाहू जहाज, एक उतरण-होडी, १० हॅरियर विमाने आणि २४ हेलिकॉप्टरे गमावली. अर्जेंटिनाची एक क्रूझर, एक पाणबुडी, काही लहान जहाजे आणि सुमारे शंभर विमाने व हेलिकॉप्टरे नष्ट झाली किंवा शत्रूच्या हाती लागली. समुद्रातून बेटावर उतरणाऱ्या फौजेला वाहतुकीची साधने गमावणे युद्धनौका गमावण्याइतकेच, प्रसंगी त्याहून अधिक महागात पडते, याचे हे युद्ध ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी. अर्जेंटिनाच्या फौजा २ एप्रिल रोजी राजधानी स्टॅनलीजवळ उतरल्या आणि त्याच दिवशी बेटे त्यांच्या ताब्यात गेली. दुसऱ्या दिवशी साउथ जॉर्जिया बेटावर मूठभर ब्रिटिश मरीन सैनिकांनी अर्जेंटिनाचे एक प्यूमा हेलिकॉप्टर पाडले आणि किनाऱ्याजवळ आलेल्या ‘गेरिको’ या कॉर्व्हेटवर रणगाडाविरोधी शस्त्राने मारा करून तिची नासधूस केली. ब्रिटनने रवाना केलेल्या आरमाराला सुमारे १३,००० किमी. अंतर कापायचे होते. वाटेत असेन्शन बेटाखेरीज हक्काचा थांबा नव्हता. आरमारातील जहाजे अपुरी असल्याने प्रवासी जहाजे, फेरी व मालवाहू जहाजे सरकारने व्यापारी कंपन्यांकडून तात्पुरती ताब्यात घेतली. हरवलेल्या वस्तूच्या जागी दुसरी आणायची तर त्यात आठवडे जात. त्यामुळे येथील प्रत्येक नुकसानीचे वजन वाढले.

उतरणीपूर्वीचे नुकसान. २५ एप्रिल रोजी साउथ जॉर्जियाजवळ ब्रिटिश हेलिकॉप्टरांच्या हल्ल्यात ‘सांता फे’ ही अर्जेंटिनाची पाणबुडी निकामी झाली. तत्पूर्वी त्याच बेटावरील फॉर्च्युना हिमनदीवर हिमवादळात सापडून ब्रिटनची दोन वेसेक्स हेलिकॉप्टरे कोसळली होती. २ मे रोजी ‘काँकरर’ या ब्रिटिश अणुपाणबुडीने पाणतीर डागून ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली. तिच्यावरील ३२३ जण मृत्युमुखी पडले. या एका घटनेनंतर विमानवाहू नौकेसह अर्जेंटिनाचे आरमार किनाऱ्यालगतच्या पाण्यात परतले आणि ब्रिटिश जहाजांशी झुंजण्याचा भार विमानांवर पडला.

४ मे रोजी अर्जेंटिनाच्या नौदलाच्या सुपर एतांदार विमानांनी सोडलेल्या दोनपैकी एक एक्झोसेट क्षेपणास्त्र ‘शेफिल्ड’ या विनाशिकेवर आदळले. आगीशी झुंजण्यासाठी लागणारी पाण्याची मुख्य वाहिनीच फुटल्याने आग आटोक्यात आली नाही. २० जण दगावले व १० मे रोजी जहाज बुडाले. शेफिल्डच्याच वर्गातील दोन विनाशिका खुद्द अर्जेंटिनाकडेही होत्या. त्यामुळे अर्जेंटिनाच्या वैमानिकांना हल्ल्याचा सराव घरच्या जहाजांवर करता आला.

१४-१५ मेच्या रात्री ब्रिटिश विशेष दलाने पेबल बेटावरील धावपट्टीवर छापा घालून उभी असलेली ११ विमाने निकामी केली. १९ मे रोजी सैनिकांना एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर नेताना एक सी किंग हेलिकॉप्टर समुद्रात पडून २२ जण मरण पावले. या युद्धातील ब्रिटनची हेलिकॉप्टरहानी केवळ शत्रूच्या माऱ्याने झाली नाही. हवामान व अपघात यांचाही त्यात मोठा वाटा होता.

सॅन कार्लोसची उतरण. २१ मे रोजी पूर्व फॉकलंडच्या पश्चिम बाजूस असलेल्या सॅन कार्लोस आखातात ब्रिटनची ३ कमांडो ब्रिगेड उतरली. किनाऱ्यावर विरोध नगण्य होता. खरी लढाई आखातातील जहाजे व आकाशातील विमाने यांच्यात झाली. सभोवतालच्या टेकड्यांमुळे एक्झोसेटचा धोका टळला, पण त्याच टेकड्यांआडून खाली झेपावणारी विमाने रडारला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नसत. खलाशांनी या जागेला ‘बॉम्बची गल्ली’ असे नाव दिले. पहिल्याच दिवशी अर्जेंटिनाने दहाहून अधिक विमाने गमावली. ब्रिटनची ‘आर्डंट’ ही फ्रिगेट २२ जणांसह गेली आणि आणखी चार युद्धनौकांना तडाखे बसले. मुख्य भूमीपासून दूरवर येणाऱ्या वैमानिकांकडे लक्ष्यावर घालवायला जेमतेम काही मिनिटे असत. वाटेत प्रथम आडव्या येणाऱ्या संरक्षक नौकांवरच त्यांनी बहुतेक बॉम्ब टाकले. सैनिक उतरवणारे ‘कॅनबेरा’ हे प्रचंड पांढरे प्रवासी जहाज त्याच आखातात असूनही सुखरूप राहिले.

जहाजांत घुसलेले अनेक बॉम्ब फुटलेच नाहीत. विमानविरोधी मारा चुकवण्यासाठी वैमानिक इतक्या कमी उंचीवरून बॉम्ब टाकत, की फ्यूज कार्यान्वित होण्याआधीच बॉम्ब लक्ष्यात शिरत. न फुटलेला बॉम्बही जहाजाला लढाईतून बाद करी. ‘आर्गोनॉट’ फ्रिगेटमध्ये असे दोन बॉम्ब अडकले होते. २३ मे रोजी ‘अँटिलोप’ फ्रिगेटमध्येही दोन बॉम्ब शिरले. त्यांतील एक निकामी करताना त्याचा स्फोट झाला, आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी जहाज कण्यातच मोडून नाळ व पिच्छाडी वर उचललेल्या अवस्थेत बुडाले.

२५ मे रोजी ‘कॉव्हेंट्री’ विनाशिका व ‘ब्रॉडस्वर्ड’ फ्रिगेट उत्तरेकडे पहाऱ्यावर असताना दोन जोड्यांत आलेल्या अर्जेंटिनाच्या स्कायहॉक विमानांनी त्यांना गाठले. एक बॉम्ब पाण्यावरून उसळून ब्रॉडस्वर्डच्या बाजूत शिरला, हेलिकॉप्टर-फलाटातून वर निघाला, तेथे उभ्या लिंक्स हेलिकॉप्टरचे नाक तोडून पलीकडे समुद्रात पडला. फुटला मात्र नाही. दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी वळण घेताना कॉव्हेंट्री ब्रॉडस्वर्डच्या सी वुल्फ क्षेपणास्त्रांच्या माऱ्याच्या रेषेत आडवी आली. तिच्यात शिरलेले बॉम्ब फुटले आणि अर्ध्या तासाच्या आत ती उलटली.

ॲटलांटिक कन्व्हेयर. त्याच दिवशी दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रांनी ‘ॲटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजाचा घास घेतला. कप्तान इयन नॉर्थ यांच्यासह १२ जण मरण पावले. जहाजाने आणलेली हॅरियर विमाने आधीच विमानवाहू नौकांवर गेली होती, एवढाच दिलासा. जहाजाबरोबर तीन चिनूक, सहा वेसेक्स व एक लिंक्स ही हेलिकॉप्टरे, हजारो सैनिकांसाठीचे तंबू आणि हॅरियरसाठी तात्पुरती धावपट्टी तयार करण्याचे बरेच साहित्य गेले. चौथे चिनूक, ‘ब्राव्हो नोव्हेंबर’, त्या वेळी हवेत होते म्हणून बचावले. सुटे भाग, हत्यारे व दुरुस्ती-पुस्तिका जळून गेल्या असतानाही ते युद्ध संपेपर्यंत उडत राहिले; एका खेपेत त्याने ८१ सैनिक वाहून नेल्याची नोंद आहे. आज ते ब्रिटिश हवाई दलाच्या कॉसफर्ड येथील संग्रहालयात आहे.

या नुकसानीने जमिनीवरील मोहिमेची आखणीच बदलली. सॅन कार्लोस ते स्टॅनली हे सुमारे ८० किमी. अंतर हेलिकॉप्टरांनी ओलांडण्याचा बेत कोलमडला. उरलेली हेलिकॉप्टरे तोफा व दारूगोळा वाहण्यातच गुंतली. ४५ कमांडो व पॅराशूट रेजिमेंटची तिसरी बटालियन यांनी रस्ता नसलेल्या दलदलीतून, पाठीवर ३५ किलोंहून अधिक ओझे घेऊन, ऐन दक्षिणी हिवाळ्यात पायपीट केली. ओल्या बुटांमुळे पाय सडण्याचा त्रास अनेकांना झाला.

फिट्झरॉय, ८ जून. मागाहून आलेल्या ५ इन्फंट्री ब्रिगेडला पुढे नेण्यासाठी हेलिकॉप्टरे नसल्याने सैनिक समुद्रमार्गे हलवण्यात आले. फिट्झरॉय येथे ‘सर गॅलाहॅड’ व ‘सर ट्रिस्ट्रम’ ही उतरण-जहाजे दिवसाढवळ्या, युद्धनौकेच्या संरक्षणाविना नांगरून होती आणि सैनिक उतरवण्यास तासन्‌तास विलंब झाला. स्कायहॉकच्या हल्ल्यात सर गॅलाहॅडवर ४८ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील ३२ वेल्श गार्ड्सचे होते. त्याच दिवशी ‘फॉक्सट्रॉट फोर’ ही उतरण-होडी, तिच्यावरील ब्रिगेड मुख्यालयाची वाहने व संदेशवहन-सामग्री आणि सहा कर्मचारी गमावले गेले. सर ट्रिस्ट्रम पुढे दुरुस्त होऊन सेवेत परतले. जळालेले सर गॅलाहॅड समुद्रात नेऊन युद्धसमाधी म्हणून बुडवण्यात आले.

विमानांची हानी. ब्रिटनची सहा सी हॅरियर व हवाई दलाची चार हॅरियर जीआर-३ विमाने नष्ट झाली. सहा सी हॅरियरांपैकी दोन जमिनीवरील माऱ्याने पडली, चार अपघातांत गेली. त्यांतील एक डोलत्या डेकवरून घसरून समुद्रात पडले. हवाई द्वंद्वात एकही हॅरियर पडले नाही. पाडल्या गेलेल्या अर्जेंटिनाच्या विमानांत स्कायहॉक व डॅगर या हल्लेखोर विमानांचे प्रमाण मोठे होते. पुकारा ही प्रोपेलरची विमाने बेटांवरच तैनात असल्याने छापे, बॉम्बवर्षाव व अखेरची शरणागती यांत जवळजवळ सर्व संपली. एक हर्क्युलिस वाहतूक-विमान व एक लिअरजेटही पाडले गेले. २१ मेच्या सकाळी माउंट केंटजवळ हॅरियरांनी जमिनीवर उभी असलेली चिनूक व प्यूमा हेलिकॉप्टरे जाळली. त्यामुळे उतरणाऱ्या फौजेवर राखीव सैन्य झटपट नेण्याची अर्जेंटिनाची क्षमता मोक्याच्या क्षणी घटली. वाहतुकीची टंचाई दोन्ही पक्षांना भोवली. मात्र ब्रिटिश पायी का होईना पुढे सरकले आणि अर्जेंटिनाची फौज स्टॅनलीभोवती खिळून राहिली.

हाती लागलेली सामग्री. १४ जूनच्या शरणागतीत ११,००० हून अधिक युद्धकैद्यांबरोबर १०५ व १५५ मिमी. तोफा, विमानविरोधी तोफा, एक रोलँड क्षेपणास्त्र-प्रक्षेपक, पॅनहार्ड बनावटीच्या १२ चिलखती गाड्या, हजारो रायफली व हेलिकॉप्टरे ब्रिटनला मिळाली. मऊ जमिनीमुळे पॅनहार्ड गाड्या स्टॅनलीतील रस्त्यांपलीकडे फारशा वापरल्याच गेल्या नव्हत्या. दोन अगुस्ता १०९ हेलिकॉप्टरे ब्रिटिश लष्कराने पुढे अनेक वर्षे वापरली. ‘इस्लास माल्विनास’ ही गस्तनौका ‘टायगर बे’ या नावाने ब्रिटिश सेवेत आली. ब्रिटनने आणलेल्या आठ हलक्या चिलखती वाहनांपैकी एक सुरुंगावर गेले, पण त्यातील सैनिक बचावले.

मोजणीतील तफावत. एकाच विमानावर जहाज, किनाऱ्यावरील तोफची व हॅरियर हे तिघेही मारा करत असल्याने एकाच विमानाचे श्रेय अनेकांनी घेतले. रॅपियर क्षेपणास्त्रांनी १४ विमाने पाडल्याचे ब्रिटिश सरकारने १९८२ च्या अखेरीस जाहीर केले. नंतरच्या संशोधनात ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. उलट, ३० मे रोजी विमानातून डागलेले शेवटचे एक्झोसेट ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकेवर आदळल्याचा अर्जेंटिनाचा दावा टिकला नाही. शरणागतीनंतर सापडलेली नादुरुस्त विमाने ‘नष्ट’ धरायची की ‘हस्तगत’, यावरूनही आकडे बदलतात.

परिणाम. हवेतून पूर्वसूचना देणारे रडार-विमान नसणे ही ब्रिटिश आरमाराची सर्वांत मोठी उणीव ठरली. त्यावर सी किंग हेलिकॉप्टरवर रडार बसवून उपाय करण्यात आला. जहाजांवर जवळच्या पल्ल्याच्या शीघ्रगती तोफा बसवण्यात आल्या. आगीत वितळून कातडीला चिकटणारे कृत्रिम धाग्याचे गणवेशही बदलले गेले. अर्जेंटिनाने पेरलेले सुरुंग मात्र दीर्घकाळ राहिले. बेटे सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली.

या युद्धाचा भारताशीही धागा आहे. मोहिमेची ध्वजनौका ‘हर्मिस’ भारताने १९८६ मध्ये विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ‘आयएनएस विराट’ या नावाने ती भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्यावरून उडणाऱ्या भारताच्या सी हॅरियर विमानांचा तळ गोव्यात दाबोळी येथे ‘आयएनएस हंसा’वर होता; ही विमाने २०१६ मध्ये सेवेतून गेली. ‘विराट’ ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली आणि २०२० मध्ये मोडीसाठी गुजरातमधील अलंगला रवाना झाली.