.४५८ विंचेस्टर मॅग्नम

हत्ती, आफ्रिकी रानरेडा अशा धोकादायक जनावरांच्या शिकारीसाठी अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेले रायफलीचे काडतूस. छापील आकडे आणि रानातले काम यांत केवढी तफावत पडू शकते, हे मॅग्नम काडतुसांपैकी याच्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दाखवले नसेल.

तोवर अशा शिकारीत ब्रिटिश दुनळी रायफलींचा दबदबा होता. त्यांतील .४७० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस पुढे येण्यास कारण झाली ती ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या रायफलींवर घातलेली बंदी. हा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, अशी सरकारला धास्ती होती. दुनळी फार महाग. तिचे बळ स्वस्त बोल्ट रायफलीत आणण्याचा विंचेस्टरचा बेत खरोखर चांगला होता. ५०० ग्रेनची (सुमारे ३२.४ ग्रॅम) गोळी सेकंदाला ६५५ मीटर वेगाने सुटेल आणि सुमारे ६,९५० ज्यूल ऊर्जा देईल, असा दावा होता.

अडचण पुंगळीत होती. मध्यम लांबीच्या बोल्टमध्ये काडतूस मावावे म्हणून ती ६३.५ मिमी ठेवली गेली, तर १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची पुंगळी ७२.४ मिमी आहे. लांब गोळीचे बूड आत खोल शिरे, उरलेल्या जागेत दारू दाबून भरावी लागे. काही काळाने या दारूचे गठ्ठे बनत आणि ती एकसारखी जळत नसे. कारखान्यातील वेग लांब चाचणी-नळीतून मोजलेला, तर शिकाऱ्यांच्या नळ्या त्याहून आखूड. प्रत्यक्षात कित्येक बार ६०० मीटरच्या आसपासच राहिले. या वेगाला ऊर्जा भरते सुमारे ५,८०० ज्यूल, म्हणजे ३०० ग्रेनच्या गोळीने .३७५ जेवढी देते जवळपास तेवढीच, आणि तीही जास्त धक्का सोसून. अर्थात नुसत्या ऊर्जेवर निवाडा करणे बरोबर नाही. रानरेड्याच्या खांद्याचे हाड फोडून घन गोळी किती आत जाते, हे महत्त्वाचे. .४५८ ची गोळी जाड व वजनदार असल्याने नेम चोख असेल तर कमी वेगातही काम होई. आफ्रिकेतील वन्यजीव खात्यांनी हत्तींची संख्या कमी करण्यासाठी हेच काडतूस वर्षानुवर्षे वापरले.

जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जखमी रानरेड्याने तुडवले. त्याच्या हाती .४५८ होती. त्यातूनच पुढे .४५८ लॉट जन्मले. गोळी तीच, पुंगळी ७१.१ मिमी, वेग सुमारे ७०० मीटर. लॉटच्या रायफलीतून विंचेस्टरचे आखूड काडतूसही झाडता येते, त्यामुळे दुर्गम भागात दारूगोळ्याची अडचण कमी भासते. दारूत सुधारणा झाल्यावर मूळ .४५८ हेही आता आपल्या छापील वेगाच्या बरेच जवळ पोहोचले आहे.