विचारायची हिंमत

आमच्या गावचा एक मुलगा दर्यापूरहून एस.टी.ने अमरावतीला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिसऱ्या आठवड्यात ट्रंक घेऊन परत आला. गणितात तो पहिल्यापासून हुशार. दहावीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला. मी विचारले, “काय झाले रे?” तो म्हणाला, “गुर्जी, थोडंथोडं समजते. पन नाई समजलं तं इचारू कोनाले? इंग्रजीत इचारा लागते. मले भेव वाटते.”

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलाला बरोबर उत्तर द्यायला मी शिकवले होते. प्रश्न विचारायला शिकवले नव्हते. तो दोष माझाच.

वास्तविक हे भय नवे नाही आणि त्यावरचा उपायही नवा नाही. मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंजिनिअर इन्स्टिट्यूशन निघाली, तेव्हा तेथले शिक्षण मराठी व गुजरातीतून होते आणि त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत तयार करून घेतली होती. परक्या विद्येचा उंबरठा आपल्या भाषेने ओलांडावा, एवढी समज त्या परक्या माणसाला होती. पुढे १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. विद्या वाढली, इंग्रजीही वाढली, आणि उंबरठा तेवढाच उंच होत गेला.

आमच्या वऱ्हाडाला तर भाषेच्या आधी अंतरच आडवे येई. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले असताना प्रांताचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली निघाले ते जबलपूरला. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि जबलपूर परराज्यात राहिले. १९५६ सालीच नागपूरला, १९६४ साली अमरावतीला सरकारी कॉलेज निघाले. १९८३ साली बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळ बाभूळगाव येथे खाजगी कॉलेजे उभी राहिली. कॉलेज असे दाराशी आले खरे. पण दार जवळ आले म्हणून आत जायचे धैर्य येतेच असे नाही.

हे धैर्य कसे येते, ते डॉ. पंजाबराव देशमुखांनी ओळखले होते. पापळसारख्या खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा १९२० साली विलायतेला गेला. परत आल्यावर त्यांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच्याही आधी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील, एका पंगतीला बसतील अशी ती व्यवस्था होती. वर्गाआधी वसतिगृह! खेड्यातल्या मुलाला पुस्तकाइतकीच सोबतीची गरज असते, हे त्यामागचे इंगित मला दिसते. दिवसा वर्गात जे विचारता आले नाही, ते रात्री शेजारच्या खाटेवरच्याला विचारता येते.

आता तर सरकारदरबारीही ही गोष्ट पोहोचली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ साली पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांच्या परिचयवर्गाची योजना आखली आणि २०२१ साली मराठीसारख्या भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायलाही वाट मोकळी केली. योजना चांगल्याच आहेत; परंतु चौथ्या आठवड्यात खोलीचे दार कोण ठोठावणार? तेथे माणूसच लागतो.

असो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला घेऊन अमरावतीला गेलो. माझाच एक जुना विद्यार्थी तेथे तिसऱ्या वर्षाला होता. त्याला म्हटले, “रोज संध्याकाळी तासभर याच्याजवळ बस. आधी ड्रॉइंग घे.” त्याने पहिल्याच दिवशी एक वीट टेबलावर ठेवली आणि विचारले, “वरून कशी दिसते? समोरून? बाजूनं? काढ.” मुलाने तीन चौकोन काढले. “झालं! याचंच नाव प्लॅन, एलेव्हेशन आन् साइड व्ह्यू.” मुलगा हसला. बालपणापासून जिनातले पट्टे आणि चाके पाहिलेल्या, रुईच्या गठाणी बांधताना पाहिलेल्या पोराला यंत्राची ओळख नव्हती असे नव्हे, नावांची नव्हती.

पहिल्या सत्रात त्याचे दोन विषय राहिले. तो घाबरला, पण ट्रंक घेऊन आला नाही. दुसऱ्या सत्रात दोन्ही सुटले. मी कोणताही चमत्कार केला नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, मला एलेव्हेशन काय कळणार? मी फक्त एका मुलाची खाट दुसऱ्याच्या जवळ सरकवली.

यंदा पोळ्याला तो घरी आला होता. दोनच दिवस राहून निघाला. मी म्हटले, “एवढी घाई काय?” तर म्हणाला, “गुर्जी, नवीन पोरं आली हायेत. त्यायच्यातला एक दोन दिवसांपासून काई बोलत नाई.”