मैलांची टांकसाळ

विमानप्रवाशाच्या खात्यावर जमा होणारा ‘मैल’ हे आज अंतराचे माप उरलेले नाही. ते खासगी कंपनीने काढलेले, राजमुद्रा नसलेले चलन झाले आहे. पेशवाईतही परवाना घेऊन खासगी टांकसाळी चालत असत, परंतु त्यांच्या नाण्याचा कस पेठेतला सराफ पारखत असे आणि त्यानुसार बट्टा, म्हणजे नाणे बदलून देताना कापायची घट, ठरत असे. विमान कंपनीच्या टांकसाळीत मात्र नाणे पाडणारा आणि बट्टा ठरवणारा एकच असतो, आणि या योजनांचे उदंड पीक का आले याचे उत्तर त्या एका सोयीत बरेचसे सापडते.

या चलनाचा उगम अमेरिकेतला. तेथे १९३८ पासून कोणत्या कंपनीने कोठे उडावे आणि किती भाडे घ्यावे हे सरकारी मंडळ ठरवत असे, त्यामुळे कंपन्यांमधील चढाओढ जेवणाचे ताट आणि आसनांची ऐसपैस जागा यांपुरतीच राहिली होती. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान वाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्यांपुढे जुन्या कंपन्यांना आपले गिऱ्हाईक टिकवण्याची चिंता पडली. उपाय शोधायला दूर जावे लागले नाही. अमेरिकी दुकानदार खरेदीच्या प्रमाणात चिकटवायची तिकिटे देत आणि गिऱ्हाईक भरलेल्या वह्यांच्या बदल्यात वस्तू घेऊन जाई, ही ‘ग्रीन स्टॅम्प’ची पद्धत १८९६ पासून रूढ होती.

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ योजना सुरू केली. त्या काळी तिकिटे मुख्यतः एजंटांमार्फत विकली जात असल्याने आपले नेहमीचे प्रवासी कोण, हे कंपनीलाच नीट ठाऊक नव्हते. तेव्हा ‘सेबर’ या तिच्या संगणकीय आरक्षण-यंत्रणेतून पुन्हा पुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक चाळण्यात आले आणि त्यातून सुमारे दीड लाख नावांची पहिली यादी तयार झाली. युनायटेडने काही दिवसांतच आपली योजना पुढे केली. त्याच वर्षी डेल्टा आणि टीडब्ल्यूए यांनीही तीच वाट धरली. एकाने सुरू केल्यावर दुसऱ्याला मागे राहता येत नव्हते, सर्वांनी सुरू केल्यावर कोणालाच त्यातून आघाडी मिळत नव्हती, आणि एव्हाना ती बंद करण्याचे धाडसही कोणाजवळ राहिले नव्हते.

योजनेची खरी खोच तिकिटाचे पैसे कोण भरतो यात होती. कामानिमित्त फिरणाऱ्याचे भाडे कचेरी भरते आणि मैल मात्र त्याच्या स्वतःच्या खात्यात पडतात, तेव्हा भाडे चार पैसे जास्त असले तरी तो ठरावीक कंपनी सोडत नाही. कंपनीला द्यावी लागते ती बहुधा एरवी रिकामीच गेली असती अशी एक जागा. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच, फक्त कोहळा तिसऱ्याच्याच परसातला. या व्यवहारातला नैतिक पेच जर्मनीत २००२ मध्ये चव्हाट्यावर आला. सरकारी दौऱ्यांत साठलेले मैल खासगी प्रवासासाठी वापरल्याच्या प्रकरणात ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकी आयकर खात्याने त्याच वर्षी अशा मैलांवर करवसुलीच्या मागे लागणार नसल्याचे जाहीर केले.

हॉटेलांनी १९८३ मध्ये हे अनुकरण केले, पण निर्णायक वळण आले ते १९८७ मध्ये, सिटीबँकेने ॲडव्हांटेजशी जोडलेले क्रेडिट कार्ड काढले तेव्हा. आता मैल मिळवण्यासाठी विमानात पाऊल ठेवण्याची गरज उरली नाही. किराणा भरला तरी मैल पडू लागले आणि ते बँकेने विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून घेतलेले असत. पुढल्याच वर्षी तिप्पट मैलांची खैरात सुरू झाली. देणे फुगले तसे कंपन्यांनी बक्षिसाच्या जागांवर मर्यादा आणि मैलांवर मुदत घातली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये केलेले असे बदल आधी साठलेल्या मैलांनाही लागू केल्याने प्रवासी न्यायालयात गेले. १९९५ च्या वोलेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या ग्राहक-संरक्षण कायद्याचा आधार त्यांना नाकारला, करारभंगाचा दावा तेवढा चालू दिला.

चलन म्हटले की सट्टेबाज आलेच. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील पट्ट्यांच्या बदल्यात मैल देणारी जाहिरात वाचली, हिशोब केला आणि पंचवीस सेंटला एक या भावाने पुडिंगच्या बारा हजारांहून अधिक वाट्या घेतल्या. पुडिंग धर्मादाय संस्थेला गेले, पट्ट्या सोलण्याचे काम तिच्या स्वयंसेवकांनी केले, आणि सुमारे तीन हजार डॉलरांत साडेबारा लाख मैल पदरात पडले. पुढे अमेरिकी सरकारी टांकसाळ एक डॉलरची नाणी घरपोच, तीही टपालखर्च न घेता, विकू लागली, तेव्हा कार्डावर नाणी मागवून ती थेट बँकेत भरणारे निघाले. अखेर २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावरची ही विक्री थांबवली. सरकारी टांकसाळीतले नाणे खासगी नाण्यासाठी कच्चा माल व्हावे, ही गंमत अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे.

कंपन्यांनीही यातून बोध घेतला. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये, अंतराऐवजी तिकिटावर खर्चलेल्या रकमेवर मैल मोजायला आरंभ केला. मैलाचे नाव राहिले, मैल गेला. २०२० च्या महासाथीत विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मैल-योजनाच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या वेळी योजनेचे मूल्य सुमारे २,२०० कोटी डॉलर धरले गेले, म्हणजे शेअर बाजारातील संपूर्ण कंपनीच्या किमतीहूनही जास्त.

भारतात ही गोष्ट मुंबईत सर्वांत उघडपणे घडली. १९९३ मध्ये उडू लागलेल्या जेट एअरवेजने आपली ‘जेट प्रिव्हिलेज’ योजना स्वतंत्र कंपनीत काढली आणि २०१४ मध्ये तिच्यातील ५०.१ टक्के हिस्सा अबुधाबीच्या एतिहादने १५ कोटी डॉलरना घेतला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान उतरले आणि हजारो कर्मचारी थकलेल्या पगारासह घरी बसले. योजना मात्र वेगळ्या कंपनीत असल्याने चालूच राहिली. त्याच वर्षी तिने ‘इंटरमाइल्स’ हे नाव घेतले आणि सभासदांचे साठलेले मैल इतर कंपन्यांच्या तिकिटांसाठी वटवले जाऊ लागले.