शिवराई : पारख आणि किंमत

शिवराई हे मराठेशाहीतील तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांचे कडे. १६७४ च्या राज्याभिषेकाशी तिचे आणि सोन्याच्या होनाचे नाव जोडले जाते. रायगड जिल्ह्यात, मग ते पनवेल तालुक्यातील आपटा असो वा आणखी कुठले गाव, जुन्या पेटीतून असे नाणे निघाले की ते थेट महाराजांच्या काळचे ठरते आणि लाखांची भाषा सुरू होते.

बहुतेकदा दोन्ही समज चुकीचे असतात. नाव शिवछत्रपतींचे असले तरी पुढे पेशवाईतही हाच मजकूर कायम ठेवून नाणी पाडली गेली. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ तर त्यांतली बरीच उशिराची. ती इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीपर्यंत पाडली जात होती. अशी नाणी अमाप असल्याने साध्या शिवराईला फारसा भाव येत नाही. होन दुर्मीळ, म्हणून नकलाही होनाच्याच अधिक.

खरे नाणे हातोड्याने ठप्पा मारून पाडलेले असते. त्यामुळे छाप सरकलेला, एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले, आकार वेडावाकडा. नेमके हेच दोष नवख्याला खोटेपणाची खूण वाटतात! ओतीव नकलेत मात्र अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि किनारीवर साच्याची सांधरेघ दिसते. वजनही जुळत नाही. चिंच किंवा लिंबू लावून नाणे लखलखीत करू नये. जुन्या तांब्यावरचा काळपट थर गेला की संग्राहक पाठ फिरवतात.

वय आणि भाव यांचा संबंध किती सैल, ते सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयावरून कळते. शिवराईपुढे तो कालचा, पण दुर्मीळ असल्याने लाखांत जातो. म्हणूनच १९३८ च्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून त्याचा ९ केलेला आढळतो. भिंगाखाली ती खाडाखोड उघडी पडते.

जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते; आपटेकरांसाठी ते कार्यालय अलिबागला आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे.