जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट)

प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण, अध्यापन साहित्य आणि शैक्षणिक संशोधन यांची जिल्हा पातळीवरील भारतीय शासकीय संस्था. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून (पहा : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) तिची कल्पना पुढे आली, १९८७ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली आणि १९८९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे ठरली. अनेक ठिकाणी जुन्या अध्यापक विद्यालयांचेच डाएटमध्ये रूपांतर झाले.

मूळ आराखड्यात सात शाखा आहेत. सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षण, कार्यानुभव, शैक्षणिक तंत्रज्ञान आणि नियोजन यांचा त्यांत समावेश होतो. अभ्यासक्रम, साहित्यनिर्मिती व मूल्यमापन ही एकच शाखा आहे. स्थानिक, स्वस्त वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्यावर आराखड्याचा भर आहे.

महाराष्ट्रात डाएट पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शनाखाली काम करते. डाएटच्या खाली तालुक्याचे गट साधन केंद्र, त्याखाली समूह साधन केंद्र. शिक्षकाची खरी गाठ पडते ती समूह साधन केंद्राच्या केंद्रप्रमुखांशी, आणि तीही केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत.

अध्यापन साहित्य व प्रशिक्षणाला पुढे डिजिटल जोड मिळाली : २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे (पहा : बालभारती) पाठाशी निगडित साहित्य थेट वर्गात पोहोचू लागले. २०१९ च्या ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे प्रत्यक्ष वर्ग करोनाकाळात ऑनलाइन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास करणे अपेक्षित आहे.